सायक्लोऑक्सिजनेज-२

पेशीपटलातून सुटलेल्या अ‍ॅरॅकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिने तयार होण्याच्या चयापचयातील कळीचे विकर. ‘कॉक्स-२’ हे त्याचे रूढ नाव. निरोगी मोठ्या आतड्यात ते जवळजवळ आढळत नाही. दाह झाला की वाढते. आतडे व गुदाशयाच्या बहुतेक कर्करोगांत मात्र ते मुबलक असते, हे १९९४ मध्ये दिसून आले.

त्यातून निर्माण होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ पेशींची वाढ चेतवते, त्यांचा नियोजित मृत्यू टाळते, गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणते आणि रोगप्रतिकारक पेशींना थोपवते. हे संयुग मोडणारे १५-पीजीडीएच हे विकर गाठीत घटलेले असते; म्हणजे उत्पादन वाढते आणि निचराही मंदावतो.

सर्वांत बोलका पुरावा १९९६ चा आहे. ओशिमा, ताकेतो आणि सहकाऱ्यांनी एपीसी या अर्बुदरोधक जनुकात दोष असलेल्या उंदरांमधून कॉक्स-२ चे जनुक काढले, तेव्हा आतड्यातील पॉलिपांची (अस्तरावर वाढणाऱ्या गाठींची) संख्या कमालीची घटली.

उपचाराची वाट इतकी सरळ निघाली नाही. कॉक्स-२ रोखणाऱ्या रोफेकॉक्सिबमुळे हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो, हे पॉलिप-प्रतिबंधाच्याच चाचणीत स्पष्ट झाले आणि २००४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. जुने, स्वस्त अ‍ॅस्पिरिन टिकून राहिले: लिंच लक्षणसमूह (आतड्याच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका) असलेल्यांना रोज ६०० मिलिग्रॅम दिल्यावर काही वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले आढळले. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कॉक्स-१ या जोडविकरावरही होतो. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका असल्याने ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे लागते.