गर्भनिरोधक टोचणी व संमतीचे कागद

दप्तरांतील एखादा तहनामा हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम त्यावरील शिक्के पाहतो. कलमें कितीहि सुवाच्य असलीं, तरी दोहों पक्षांची मोहोर नसेल तर त्या कागदास तह म्हणतां येत नाहीं. हाच निकष आम्ही प्रस्तुत लेखांत एका अलीकडच्या विषयास लावणार आहों. स्त्रियांस गर्भ राहूं नये म्हणून जी संप्रेरकांची टोचणी देतात, तिचा हा विषय आहे. कित्येक वाचकांस तो केवळ वैद्यांचा वाटेल. परंतु या टोचणीचा सारा वृत्तांत अर्ज, परवाने, फिर्यादी व नोंदपुस्तकें यांत विखुरलेला आहे. आणि त्यांत टोचून घेणारीची मोहोर कोठें आढळते, हें पाहणें इतिहासाचेंच काम आहे.

गर्भनिरोधाची इच्छा जुनीच आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील चौथ्या ब्राह्मणांत गर्भ राहूं नये म्हणून करावयाचा विधि सांगितला असून, लागलाच तो राहावा म्हणून करावयाचा विधिहि दिला आहे. अभ्यासकांनीं तेथील क्रियापदाकडे लक्ष द्यावें. इच्छा करणारा कर्ता पुरुष आहे. स्त्री त्या इच्छेचा विषय आहे. हें कर्तृत्व पुढें कोणाकडे गेलें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सन १९२१ हें वर्ष या कामीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें. पुढें १९२७ पासून १९५३ सालीं आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्याच १९२१ सालीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील शरीरशास्त्रज्ञ लुडविग हाबरलांट यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले: गाभण प्राण्याचें अंडाशय दुसऱ्या मादीच्या शरीरांत बसविलें असतां तिला कांहीं काळ गर्भ राहत नाहीं. प्रस्तुत टोचणीचें बीज तें हेंच.

१९३४ सालीं प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक शुद्ध रूपांत हातीं आलें. १९५१ सालीं मेक्सिको शहरांतील सिंटेक्सच्या प्रयोगशाळेंत नॉरएथिस्टेरोन तयार झालें. त्याच दशकांत दीर्घकाळ टिकणारीं दोन औषधें निघालीं. एक जर्मनीच्या शेरिंग कंपनीचें नॉरएथिस्टेरोन एनँथेट. याची मात्रा २०० मिलिग्रॅम, दर दोन महिन्यांनीं. दुसरें अमेरिकेच्या अपजॉन कंपनीचें मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन ॲसिटेट, म्हणजे ‘डेपो-प्रोव्हेरा’. याची मात्रा १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनीं.

स्नायूंत टोचलेलें हें औषध तेथेंच सांठून राहतें व थोडेंथोडें रक्तांत उतरतें. त्यामुळें अंडमोचन थांबतें व गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. वेळ न चुकतां घेतल्यास वर्षभरांत शंभरांत एकीलाहि गर्भ राहणें विरळा. परंतु मासिक पाळीचा क्रम बिघडतो, कित्येकींची ती थांबते. हाडांची घनता कांहींशी घटते. टोचणी सोडल्यावर पुन्हां गर्भ राहण्यास शेवटच्या मात्रेपासून बहुधा नऊदहा महिने लागतात. शिवाय गोळी नकोशी झाली तर दुसऱ्या दिवशीं बंद करितां येते. टोचलेलें औषध बाहेर काढतां येत नाहीं. दंड पुढें केला कीं तीन महिन्यांचा करार पुरा झाला. म्हणूनच सुई टोचण्यापूर्वीं तिला काय सांगितलें, याला इतकें महत्त्व आहे.

आतां कागद पाहूं. अपजॉन कंपनीनें १९६७ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्याकडे परवानगी मागितली. कुत्र्यांवरील चांचण्यांत स्तनांच्या गांठी दिसल्यामुळें शंका उत्पन्न झाली. १९७८ सालीं परवानगी नाकारली गेली. अखेर २९ ऑक्टोबर १९९२ रोजीं ती मिळाली. मधल्या पंचवीस वर्षांत मूळ देशांत या कामीं मान्य नसलेलें औषध इतर अनेक देशांत चालू होतें. झिंबाब्वेच्या सरकारनें तर १९८१ सालीं त्यावर बंदी घातली. पूर्वींच्या गोऱ्या राजवटीनें काळ्या प्रजेची संख्या आवरण्यासाठीं तें वापरलें, असा त्यामागें आरोप होता.

आपल्या देशांतील मुख्य प्रकरण पटनचेरूचें. १९८५ सालीं हैदराबादेजवळच्या या गांवीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नॉरएथिस्टेरोन एनँथेटच्या चांचणीचें शिबिर भरलें. आपल्यावर चांचणी होत आहे, हें जमलेल्या स्त्रियांस सांगितलेलें नाहीं, असें हैदराबादच्या ‘स्त्री शक्ति संघटने’स आढळलें. त्या संघटनेनें, दिल्लीच्या ‘सहेली’नें व इतरांनीं १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज गुदरला. त्याचा निकाल २००० सालीं लागला. समुपदेशनाची व पाठपुराव्याची पुरेशी सोय नसेल तेथें हें औषध सार्वत्रिक कार्यक्रमांत आणणार नाहीं, अशी सरकारची भूमिका त्या वेळीं नोंदली गेली.

पूर्वपक्ष येथें संपला. उत्तरपक्षहि दुबळा नाहीं. रोजची गोळी लक्षांत ठेवावी लागत नाहीं, घरांत डबी सांपडत नाहीं, पतीस वा सासरच्यांस कळूं न देतां पाळणा लांबवितां येतो, म्हणून स्वतः होऊन ही टोचणी मागणाऱ्या स्त्रिया देशोदेशीं आहेत. तिच्यामुळें एच.आय.व्ही.ची बाधा अधिक होते काय, या शंकेसाठीं एस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबिया येथें ७८२९ स्त्रियांची चांचणी झाली. डेपो-प्रोव्हेरा, तांब्याची तांबी व दंडांत बसवावयाची सळई यांची तींत तुलना केली. बाधेच्या बाबतींत तिहींत म्हणण्यासारखा फरक नाहीं, असा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. पटनचेरूचें शिबिर व ही चांचणी यांत औषध निराळें असलें, तरी टोचणी एकाच जातीची आहे. या वेळीं मात्र भाग घेणाऱ्या स्त्रियांची संमति आधीं लिहून घेतली होती.

भारतांत डेपो-प्रोव्हेरा खासगी विक्रीसाठीं १९९३ सालीं मान्य झालें व २०१७ सालीं ‘अंतरा’ या नांवानें सरकारी कार्यक्रमांत आलें. संस्कृतांत अंतरा हें ‘मध्यें’ या अर्थाचें अव्यय आहे; दोन बाळंतपणांमधील काळास तें शोभतें. टोचून घेणारीस पुढील तारखांचें एक कार्ड मिळतें. तारखा त्यांत असतात. तिला काय सांगितलें व तिनें काय विचारलें, हें त्यांत मावत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति याच जागीं आहे. सनदा व पोथ्या आपण जपतां, तशींच हीं कार्डें, संमतिपत्रें, खेडोपाडीं वाटलेलीं मराठी पत्रकें, परिचारिकांच्या टांचणवह्या व ‘समाजस्वास्थ्या’चे सुटे अंक, जें हातीं येईल तें जपावें. खासगी नांवगांव झांकावें, तारीख व ठिकाण राखावें. ज्या स्त्रियांस त्या काळीं कोणीं विचारलें नाहीं, त्यांपैकीं कित्येक आज वृद्ध आहेत. त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या अनुज्ञेनें, आतां टिपून घेतलें तरच या प्रकरणाच्या कागदावर दुसऱ्या पक्षाची मोहोर उमटेल.