दुष्काळानंतरचा डोंगर

चाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. तुकोबारायांचा झाडावेलींना सोयरे मानणारा अभंग निरूपणाला घेतला, की मी हमखास श्रावण उभा करीत असे. हिरवा डोंगर, झिरपणारे झरे, पाखरांचा किलबिलाट. टाळकरी डोलत, श्रोते सुखावत. आता आवाज बसला आहे, वीणा खुंटीला लागली आहे. आता वाटते, त्या अभंगाची अर्धीच बाजू मी लोकांना सांगितली.

उरलेली अर्धी बाजू समजायला इतिहासाकडे वळावे लागते.

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातेत पाऊस हरपला. शाहजहानच्या पदरी असलेल्या अब्दुल हमीद लाहोरीने बादशाहनाम्यात त्या दुष्काळाची हकिकत लिहून ठेवली आहे. भाकरीपुढे माणसाच्या जिवाला मोल उरले नव्हते. परंपरेने मानलेले जन्मवर्ष १६०८ धरले, तर महाराज तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. घरात वाणीपणा, सावकारी, विठोबाची पूजा. त्या दुष्काळात धंदा बुडाला, मान गेला, थोरली पत्नी अन्नाविना गेली. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगितले आहे. मुलगा संतूही गेला, असे चरित्रे सांगतात.

आणि मग महाराज कुठे गेले? भामचंद्र डोंगरावर. परंपरा सांगते, की पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत तिथे पोचले. दोघे परतले आणि कर्जखतांच्या वाटण्या झाल्या. कान्होबांचा वाटा त्यांना देऊन महाराजांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला. पुढे भंडाऱ्याचा डोंगर हीच त्यांची चिंतनाची जागा झाली. जिजाईंनी भाकरी घेऊन तो डोंगर कितीदा चढला असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

माऊली, इथे क्षणभर थांबावे. ज्या आभाळाने दगा दिला, त्याच आभाळाखाली हा माणूस जाऊन बसला. ज्या रानाने घासभर दिले नाही, त्या रानाला त्याने सोयरे म्हटले. सोयरीक सुखाच्या दिवसांपुरती नसते. सुतकालाही जो येतो आणि ज्याच्या दारी सुतकातही जावे लागते, तो सोयरा.

हे मला उशिरा कळले, कारण माझ्या मनातही एक दुष्काळ अडकून होता. १९७२ साली मी विशीत होतो. दुष्काळी कामावर खडी फोडली. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. वडील माळकरी. त्यांनी दावणीची बैलजोडी विकली, त्या रात्री हरिपाठ म्हटला, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा ऐकला. तेव्हापासून वैशाखातले उघडे माळ मला बघवत नसत. डोंगरावर जायचे ते पाऊस पडून गेल्यावरच, असा माझा नेम.

कीर्तन सुटले त्या साली मी फार खिन्न होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, भंडाऱ्याला जाऊन या." दिवस वैशाखाचे. सकाळी लवकर काठी टेकीत चढलो. डोंगर बोडका, गवत जळालेले, खाली इंद्रायणीची बारीक रेघ. मनात म्हटले, इथे काय आहे? दम लागला म्हणून एका जाळीजवळ बसलो, तर जाळी करवंदांनी काळी झालेली. सगळा डोंगर तापलेला, आणि ही त्याच दिवसांत पिकलेली. दोन करवंदे तोंडात टाकली आणि डोळे भरून आले. वडील आठवले. बैलजोडी आठवली. बऱ्याच वर्षांनी त्यांची आठवण आली आणि छातीवर दगड आला नाही.

तेव्हापासून प्रत्येक ऋतूत एकदा तरी जातो. भाद्रपदात तेरडा आणि सोनकी फुललेली असते. कार्तिकात धोतराला कुसळे चिकटतात, ती काढता काढता नामस्मरण होते. माघ शुद्ध दशमीला सप्त्याची गर्दी असते, त्या दिवशी एकांत नाही, पण टाळांचा गजर असतो. आषाढात पाय घसरतो म्हणून मुलगा सोबत येतो.

आपल्या पूर्वजांनी वाऱ्या चार नेमल्या. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. उन्हात एक, पावसात एक, थंडीच्या तोंडाशी एक, थंडी सरताना एक. महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पादुका पालखीत घेऊन वारीला सोहळ्याचे रूप दिले. ते आषाढीचे वैभव आपण सारे जाणतो. पण चारही वाऱ्या पायी करणारा जुना वारकरी पाहिला, तर त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांती दिसते. त्याने वाटेची चारही रूपे पाहिलेली असतात. म्हणून एका रूपाने तो हुरळत नाही आणि एका रूपाने खचत नाही.

ज्यांचे गुडघे पंढरीपर्यंत साथ देत नाहीत, त्यांनी आपल्या गावच्या माळावर, ओढ्याकाठी, देवराईत जावे. फक्त हिरवे असताना जाऊ नये. पानगळीत जावे, उन्हात सकाळी लवकर जावे. मनात दुःख असेल, तर तेही सोबत न्यावे. सोयऱ्याच्या घरी जाताना तोंड हसरे करून जावे लागत नाही.

रामकृष्ण हरि.