संविधान सभेतील स्त्रिया

संविधान सभेतील स्त्रिया : (१९४६–५०). भारतीय प्रजासत्ताकाची राज्यघटना तयार करणाऱ्या संविधान सभेत (घटना समितीत) वेगवेगळ्या काळी मिळून पंधरा स्त्रिया सदस्य होत्या. सभेचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले. त्या वेळी ठरलेली सदस्यसंख्या ३८९ होती. फाळणीनंतर ती २९९ वर आली. संख्येच्या मानाने या पंधरा जणी अगदी थोड्या होत्या. सात जणांच्या मसुदा समितीत तर एकही स्त्री नव्हती, आणि ही उणीव आजही खटकते. तरीही घटनेतील काही शब्द या सदस्यांच्या आग्रहाविना तिथे आले नसते.

अम्मू स्वामिनाथन, अ‍ॅनी मस्करीन, बेगम कुदसिया ऐझाझ रसूल, दाक्षायणी वेलायुधन, दुर्गाबाई, हंसा मेहता, कमला चौधरी, लीला रॉय, मालती चौधरी, पूर्णिमा बॅनर्जी, राजकुमारी अमृत कौर, रेणुका राय, सरोजिनी नायडू, सुचेता कृपलानी आणि विजयालक्ष्मी पंडित या त्या पंधरा सदस्य. सगळ्या अखेरपर्यंत सभेत राहिल्या नाहीत. लीला रॉय यांनी फाळणीच्या निषेधार्थ सदस्यत्व सोडले, विजयालक्ष्मी पंडित राजदूत म्हणून मॉस्कोला गेल्या आणि सरोजिनी नायडू मार्च १९४९ मध्ये निवर्तल्या.

पूर्वपीठिका : या स्त्रिया सभेत अचानक आल्या नव्हत्या. १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि त्याने स्त्रियांसाठी मताधिकार मागितला. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी ही मागणी लावून धरली. मद्रास आणि मुंबई येथील कायदेमंडळांनी १९२१ मध्ये ती मान्य केली. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड त्याच्या अध्यक्षा होत्या. शिक्षणाच्या प्रश्नासाठी जमलेली ही परिषद पुढे वारसाहक्क, विवाहाचे वय, घटस्फोट अशा विषयांकडे वळली. संविधान सभेतील अनेक जणी याच परिषदेत तयार झाल्या होत्या. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांचा मताधिकार मालमत्तेशी, शिक्षणाशी किंवा पतीच्या पात्रतेशी बांधला होता. नव्या घटनेने (अनुच्छेद ३२६) ती अट काढून टाकली.

धर्मस्वातंत्र्याचे कलम : स्त्री-सदस्यांचा सर्वांत ठळक ठसा इथे दिसतो. मूलभूत हक्क उपसमितीत अमृत कौर आणि हंसा मेहता होत्या. धर्माचे मुक्तपणे पालन करण्याचा हक्क मसुद्यात आला तेव्हा दोघींनी हरकत घेतली. ‘पालन’ या शब्दाच्या आड देवदासी, पडदा, सती या प्रथांना घटनेचेच संरक्षण मिळेल आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा किंवा १९२९ चा बालविवाह रोखणारा सारडा कायदा न्यायालयात टिकणार नाही, ही त्यांची भीती होती. ती काल्पनिक नव्हती. मुंबई प्रांताला १९३४ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला होता, आणि त्यानंतरही ती प्रथा संपली नव्हती. या हरकतीचा परिणाम आजच्या अनुच्छेद २५ मध्ये वाचता येतो : धर्मस्वातंत्र्य असले तरी समाजकल्याण व सुधारणेसाठी कायदा करण्यास राज्याला आडकाठी नाही. पुढील अनेक सामाजिक कायद्यांना या तरतुदीचा आधार आहे. तिचे श्रेय या दोघींना क्वचितच दिले जाते, ते ठामपणे द्यायला हवे.

याच दोघींनी उपसमितीचे आणखी एक सदस्य मिनू मसानी यांच्यासह एक भिन्नमतपत्रिका जोडली. समान नागरी कायदा हा न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क असावा, हे तिचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही आणि ही तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत (अनुच्छेद ४४) गेली.

राखीव जागांना नकार : हंसा मेहता मुंबई प्रांतातून निवडून आल्या होत्या. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी स्पष्ट केले, की स्त्रियांना राखीव जागा किंवा विभक्त मतदारसंघ नकोत. सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा. रेणुका राय यांनीही हीच भूमिका घेतली. मुस्लिम लीगच्या बेगम रसूल यांनी अल्पसंख्याकांसाठीच्या विभक्त मतदारसंघांना विरोध केला, आणि त्या काळात तसे बोलायला धैर्य लागत होते. स्त्रियांच्या राखीव जागांविषयीची भूमिका तत्त्व म्हणून उजळ होती. मात्र मोकळ्या स्पर्धेत स्त्रियांना उमेदवारी मिळेल हा तिचा विश्वास पुढील संसदांनी खरा ठरवला नाही. पूर्णिमा बॅनर्जींना धोका तेव्हाच दिसला असावा. स्त्री-सदस्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांवर स्त्रियांनाच घ्यावे, अशी सूचना त्यांनी १९४९ मध्ये मांडली होती.

दाक्षायणी वेलायुधन : सभेतील एकमेव दलित स्त्री. जन्म १९१२, कोचीजवळच्या मुळवुकाड बेटावर, पुलया समाजात. या समाजाला सार्वजनिक रस्ता वापरण्यासही बंदी होती. १९४० मध्ये सेवाग्राम येथे गांधी व कस्तुरबा यांच्या उपस्थितीत त्यांचा विवाह झाला. सभेत त्या वयाने सर्वांत लहान सदस्यांपैकी होत्या, पण बोलण्यात कुणाची भीड नव्हती. मसुदा आदर्शांच्या बाबतीत कोरडा आणि केंद्राकडे फार झुकलेला आहे, असे त्यांनी सभागृहातच सांगितले. अस्पृश्यता नुसत्या कलमाने जाणार नाही, सरकारने लोकांत जाऊन प्रचार करावा, हाही त्यांचा आग्रह होता.

इतर कामगिरी : दुर्गाबाई (१९५३ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह झाल्यावर दुर्गाबाई देशमुख) सुकाणू समितीवर होत्या. राज्यसभेसाठी किमान वय ३५ वरून ३० करण्याची दुरुस्ती त्यांची. अम्मू स्वामिनाथन यांना घटना फार लांबलेली वाटे. पर्समध्ये मावेल एवढी ती हवी होती. हंसा मेहता यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातही मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ हे शब्द बदलून ‘सर्व मानव’ करण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

पहिली मतदारयादी : घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. १९५१–५२ च्या निवडणुकीसाठी याद्या होऊ लागल्या तेव्हा, विशेषतः उत्तर भारतात, असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; त्यांची नोंद अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी झाली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रिया पहिल्या यादीतून गळाल्या.