रोथेनबुर्गचं झोपलेलं खातं

युरोपातली जुनी गावं इतकी देखणी कशी राहिली, असं आमच्या मेहुण्यांना विचारलं की ते एका शब्दात उत्तर देतात, "शिस्त!" ते सहा वर्षं श्टुटगार्टला असतात, आणि शिस्त या विषयावर किती वेळ बोलावं याला मात्र त्यांच्याकडे काही शिस्त नाही. आम्ही पडलो कॉमर्सचे. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं काढलेली. त्यामुळं एखादी वस्तू वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहिली असं कुणी सांगितलं, की आमच्या मनात आधी शिस्त येत नाही, पैसा येतो. खात्यात दोन वर्षं कसलाच व्यवहार झाला नाही की बँक त्या खात्याला निष्क्रिय म्हणते. खातेदाराला खातं चांगलं जपायचं असतं म्हणून काही असं होत नाही. बिचाऱ्याजवळ भरायला काही नसतं आणि काढायला तर त्याहून नसतं. पासबुकाची पानं मात्र कोरी करकरीत राहतात.

मेहुण्यांनी आम्हां उभयतांना जे रोथेनबुर्ग दाखवलं, ते असं अडीचशे वर्षं झोपलेलं खातं आहे.

पूर्ण नाव रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर, म्हणजे टाउबर नदीच्या वरचं रोथेनबुर्ग. आपण खुर्द-बुद्रुक लावतो, ते नदी लावतात. बव्हेरिया राज्यात एका टेकाडाच्या कडेवर हे गाव बसलंय. वस्ती अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या शाखेत पगाराच्या दिवशी जमते त्याहून थोडीशीच जास्त. भोवती तट, तटाला बुरूज, आत लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरं, खिडक्यांत फुलं. थेट गाडी इथं येत नाही. श्टाइनाख नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि दुसऱ्या छोट्या गाडीत बसायचं. हा फाटा १८७३ साली झाला. रेल्वेचा मुख्य रस्ता गावाला चुकवून गेला, याचं तेव्हाच्या रोथेनबुर्गकरांना फार वाईट वाटलं असणार. आज त्यांचे वंशज त्याच रस्त्याचे मनातल्या मनात आभार मानत असतील.

कारण गाव काही मुळातलं गरीब नव्हे. १२७४ साली त्याला मुक्त शहराचा दर्जा मिळाला. म्हणजे मधे कुणी मामलेदार नाही, कलेक्टर नाही, हिशेब थेट राजाशी. १४०० च्या आगेमागे हाइनरिश टॉप्लर नावाचा मोठा कर्तबगार नगराध्यक्ष इथं होऊन गेला. गावाची भरभराट झाली, त्याचीही झाली आणि मग दोन्ही भरभराटी एकमेकींना पाहवेनात. ज्या नगरसभेच्या इमारतीत तो अध्यक्षस्थानी बसायचा, तिच्याच तळघरातल्या अंधारकोठडीत १४०८ साली तो मेला. आपल्याकडं नगराध्यक्षावर अविश्वासाचा ठराव आणतात, तो प्रकार मला त्या कोठडीच्या दारात उभं असताना फार सभ्य वाटला.

खातं झोपलं ते १६३१ पासून. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चाललं होतं. रोथेनबुर्ग प्रोटेस्टंट, आणि दारात आला तो कॅथलिक सेनापती काउंट टिली. गाव पडलं. आता इथं गावकरी जी गोष्ट सांगतात ती अशी, की टिली गाव जाळायला निघाला होता. त्याला मोठ्या चषकातून वाइन देण्यात आली. चषक सव्वातीन लिटरचा. टिलीला लहर आली. म्हणाला, हा एका दमात रिकामा करणारा कुणी असेल तर गाव सोडतो. माजी नगराध्यक्ष नुश पुढं झाले, चषक तोंडाला लावला आणि गाव वाचलं.

"रिकाम्या पोटी?" आमच्या सौ.नी विचारलं.

"ताई, अगं इतिहास आहे तो," मेहुणे म्हणाले.

इतिहास नाहीच. जाणकार त्याला दंतकथाच म्हणतात. पण गावच्या चौकात घड्याळाशेजारी दोन खिडक्या आहेत. तास पडला की त्या उघडतात. एकीत टिली, दुसरीत नुश. नुश चषक तोंडाला लावतो आणि खाली उभे असलेले शंभरएक पर्यटक फोन वर करतात. माजी पदाधिकाऱ्याला इतकी उपस्थिती आम्ही दुसरीकडं कुठंही पाहिली नाही.

खरा हिशेब मात्र त्या खिडकीत दिसत नाही. घरं उभी राहिली हे खरं. पण टिलीच्या सैन्यानं गाव खाऊन टाकलं. फौज निघून गेली तेव्हा मागं रिती कोठारं उरली. १६३४ साली प्लेग आला आणि माणसंही गेली. त्यानंतर रोथेनबुर्ग उठलंच नाही. इतर गावांत पैसा खेळत होता, तिथले लोक जुनी घरं पाडत होते, नव्या धाटणीचे दर्शनी भाग चढवत होते, पुढं तट पाडून रुंद रस्ते करत होते. रोथेनबुर्गमध्ये गळकं छप्पर शाकारायची पंचाईत, तिथं नवा दर्शनी भाग कुठून आणणार? तट पाडायलासुद्धा मजुरी लागते! १८०३ च्या सुमारास गाव बव्हेरियाच्या पदरात पडलं, थेट राजाशी असलेला हिशेबही संपला.

आज आपण ज्याला 'किती सुंदर जपलंय!' म्हणतो, ते मुळात कुणी जपलेलं नाही. ते राहून गेलेलं आहे. त्या फुलांच्या खिडक्यांमागं सातआठ पिढ्या थंडीनं कुडकुडत, डागडुजी पुढच्या सालावर ढकलत बसल्या होत्या. त्यांना आपण देखणे आहोत हे ठाऊकच नव्हतं.

ते त्यांना चित्रकारांनी सांगितलं. एकोणिसाव्या शतकात कार्ल श्पिट्झवेग आणि त्याच्यासारखे लोक इथं येऊन चित्रं काढू लागले. चित्रं पाहून प्रवासी आले. १८७३ ला रेल्वेचा फाटा आला आणि १८८१ ला काय झालं असेल? हर्बर नावाच्या काचकाम करणाऱ्या गृहस्थांनी नुशच्या चषकावर नाटक लिहिलं! अजून ते दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला गावकरीच करतात. १८९८ साली जुनं रोथेनबुर्ग सांभाळायला मंडळही स्थापन झालं. म्हणजे आधी गरिबीनं सांभाळलं, मग मंडळानं. अडीचशे वर्षांनी खात्यात पहिला जमा व्यवहार झाला, तो असा.

हे सगळं मी मेहुण्यांना पटवत होतो. ते "भाऊजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत पैसा आणता" असं म्हणाले, तोच सौ. एका घरापुढं थांबल्या. साधंच घर होतं. खालच्या चौकटीचं लाकूड वाकलेलं, वर जाळीचा पडदा, आत कुणीतरी भांडी घासत होतं. वाईला यांचा माहेरचा वाडा होता. तिथं आता चार मजली इमारत आहे आणि दोघां भावंडांचे त्यात दोन फ्लॅट आहेत. ज्या वर्षी पैसा आला, त्याच वर्षी वाडा गेला. सौ. म्हणाल्या, "आपल्या माजघराची चौकटसुद्धा अश्शीच वाकलेली होती, नाही रे?" श्टुटगार्टच्या शिस्तीला यावर काही सुचलं नाही. मग तिघांनी श्नेबाल खाल्ले. हा इथला प्रसिद्ध पदार्थ. नावाचा अर्थ बर्फाचा गोळा, पण प्रत्यक्षात पिठाच्या पट्ट्या गुंडाळून तळायच्या आणि वर पिठीसाखर. सौ.नी एक तुकडा मोडला आणि "चिरोट्याचा चेंडू केलाय" असा निकाल दिला. तेल निथळायला हवं होतं, असंही म्हणाल्या.

आता खात्यातल्या काही नोंदी अशा आहेत, की त्या घड्याळाच्या खिडकीत येत नाहीत. गावात युडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली, अजून आहे, घरंही मध्ययुगातली आहेत. राहणारे नाहीत. तेराव्या शतकात इथं रब्बी मायर नावाचे मोठे पंडित राहत. १२८६ मध्ये राजानं त्यांना कैद केलं आणि सुटकेसाठी त्यांच्या लोकांकडं रक्कम मागितली. लोक जमवायला तयार होते, रब्बींनीच नको म्हटलं. एकदा पैसे दिले तर उद्या प्रत्येक पंडिताला पकडतील, हा त्यांचा हिशेब. कर्ज, तारण, वसुली या विषयांवर मी आयुष्यभर कागद रंगवले, पण इतका करडा हिशेब मला कधी जमला नसता. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले. त्यांचा देह सोडवायला पुढं चौदा वर्षं लागली, तीही एका ज्यू गृहस्थानं पैसे भरल्यावर. १२९८ ला इथल्या ज्यूंची कत्तल झाली, १५२० च्या सुमारास उरलेल्यांना हाकललं.

साडेतीनशे वर्षांनी काही कुटुंबं परत आली. त्यांनाही ऑक्टोबर १९३८ मध्ये गावानं बाहेर काढलं, देशभर देवळं जाळण्याची ती नोव्हेंबरची रात्र उगवायच्या आधीच. नाझींना हे गाव फार आवडायचं. अस्सल जर्मन गाव कसं असावं त्याचा नमुना म्हणून ते सहलीच्या सहली इथं आणत. फुलं तेव्हाही खिडक्यांत असणार.

३१ मार्च १९४५ ला सोळा विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. ३७ माणसं मेली, ३०६ घरं गेली, सहाशे मीटर तट पडला. पुढं तोफा येणार होत्या. त्या थांबल्या त्या जॉन मॅक्लॉय नावाच्या अमेरिकन साहेबामुळं. हे युद्धखात्यात उपमंत्री होते. त्यांची आई पूर्वी इथं येऊन गेली होती आणि घरी रोथेनबुर्गचं चित्र होतं, असं सांगतात. त्यांनी जनरल डेव्हर्सना तोफा चालवू नका असं कळवलं. इकडं गावातल्या जर्मन मेजरनंही शेवटपर्यंत लढण्याचा हिटलरचा हुकूम बाजूला ठेवला आणि गाव सोडून दिलं. हे मॅक्लॉय पुढं जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, मग चेस मॅनहॅटन बँकेचे चेअरमन. मेहुण्यांकडं मी फक्त पाहिलं. बँकवाल्यांना सौंदर्यदृष्टी नसते, असं ते आमच्या लग्नापासून म्हणत आलेत. तेव्हा ते चौथीत होते.

म्हणजे पूर्वेकडची बरीचशी 'जुनी' घरं युद्धानंतर बांधलेली आहेत. जुन्या वळणानं बांधली, त्यामुळं नवखा माणूस चकतो. तटासाठी जगभरातून वर्गणी आली. तटावरच्या छपराच्या वाटेनं चालताना भिंतीत दगड बसवलेले दिसतात. देणगीदाराचं नाव आणि त्यानं किती मीटर तटाचे पैसे दिले तो आकडा. जपानी नावं बरीच, अमेरिकन पुष्कळ. वाट अरुंद, त्यामुळं मेहुणे पुढं, सौ. मधे आणि आम्ही शेवटी, असे नावं वाचत चाललो होतो. आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर नावं असतात, तिथं लोक पाय देतात. इथं नजर देतात, एवढाच फरक.

सौ. एका दगडापाशी थांबल्या. कुण्या नवराबायकोचा होता, एक मीटरचा.

"एका मीटरला किती पडतात रे?" त्यांनी भावाला विचारलं.

मेहुण्यांनी फोनवर शोधून युरोत आकडा सांगितला. सौ.नी तो मनाशी रुपयांत केला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्धा मीटर देतात का विचार."

आम्ही ८०जीची सवलत बसते का ते विचारलं. मेहुणे भराभर पुढं निघाले. श्टाइनाखची गाडी पंचवीस मिनिटांवर होती, आणि ती वेळेवर सुटते.