हैदराबादच्या अंगणातली शहाबादी

हैदराबादेत दगडाचा तोटा कधीच नव्हता. सारं शहर अडीच अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइटवर बसलंय. १५९१ चा चारमिनार आणि १६९४ साली पुरी झालेली मक्का मशीद याच दगडाची. पण ग्रॅनाइटची पातळ फरशी हाताने काढणं जिकिरीचं काम. तो थराथरांनी सुटत नाही. शिळा फोडायची आणि मग टाकी लावून तासत बसायचं. बादशहाला ते परवडे. साध्या घराचं अंगण मातीचं असे, शेणाने सारवलेलं, नाहीतर चुन्याने कोबा केलेलं.

झिलईच्या टाईल्सही या शहराला फार पूर्वीपासून ठाऊक होत्या, पण त्यांची जागा भिंतीवर होती. मुहम्मद कुली कुतुबशहाच्या बादशाही आशुरखान्यात १६११ च्या सुमाराची इराणी धाटणीची टाईल्सची नक्षी आहे: निळा, पिवळा, हिरवा, सगळे रंग अजून ताजे. १९०८ च्या मुसीच्या महापुरात तिच्या खालच्या भागाची हानी झाली, तरी उरलेलं पाहताना डोळे निवतात. ही टाईल छपराखाली, सावलीत होती. उन्हात पाय ठेवायला तिला कुणी अंगणात अंथरली नव्हती. पुढच्या चारशे वर्षांचं मर्म मला या वाटणीत दिसतं.

अंगणाची चुनखडीची फरशी, म्हणजेच शहाबादी, आली शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडून. तांदूर आणि शहाबाद ही दोन्ही गावं भीमेच्या खोऱ्यात, तिला मिळणाऱ्या कागिणा नदीच्या परिसरात. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड, याच नदीच्या काठी. तिथला किल्लाही याच चुनखडीत बांधलेला. हा दगड समुद्रतळाशी थरांवर थर साचून झाला आणि ते थर आजही जवळजवळ आडवे पडून आहेत. वरची काळी माती बाजूला केली की वहीची पानं लागावीत तसा दगड लागतो. त्या मातीत पिकणाऱ्या तांदूरच्या तुरीला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच गावाने डाळही द्यावी आणि ती निवडायला बसायची फरशीही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाणीतलं काम पाहण्यासारखं असतं. पूर्वी छिन्नी-हातोड्याने रेघ पाडत. आता रुळांवर सरकणारं करवतीचं यंत्र खाणीच्या तळावरच उभ्या-आडव्या रेघा मारतं, चौकटी पडतात. मग कामगार थराच्या फटीत पहार घालतो, दाब देतो आणि दोन फूट बाय दोन फूट लादी अख्खी सुटते. खालचा चेहरा निसर्गाने घडवलेलाच असतो: सपाट, पण किंचित खरबरीत. तासायची गरज नाही. खाणींच्या आसपासच्या खेड्यांत याच लाद्या उभ्या रोवून कुंपणं केलेली आणि आडव्या टाकून छपरं केलेली दिसतात.

दगड स्वस्त होता, वाहतूक महाग होती. ती कोंडी रेल्वेने फोडली. १८७१ मध्ये मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारी लाईन पुरी झाली, शहाबाद तिच्यावरच. १८७४ मध्ये निजामाच्या पैशाने वाडी ते सिकंदराबाद मार्ग सुरू झाला आणि तांदूर त्यावर आलं. एकच दगड एका रुळाने सोलापूर-पुण्याकडे गेला, दुसऱ्या रुळाने हैदराबादेला. म्हणून पुण्याच्या वाड्याचा चौक आणि हैदराबादच्या जुन्या घराचं अंगण यांची जमीन एकसारखी दिसते. मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात. तिकडून शिकायला किंवा नोकरीला हैदराबादेत आलेल्या माणसाला पायाखालचा दगड ओळखीचा वाटत असणार. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तुकडे झाले: शहाबाद म्हैसूर राज्यात, तांदूर आंध्रात, मराठवाडा द्विभाषिक मुंबईत. जमिनीखालचे थर मात्र अखंडच राहिले.

शहाबादी थंड असते असं आपण सहज म्हणतो. भर दुपारी उघड्या अंगणात ती तापते, चांगलीच तापते. गार होते ती संध्याकाळी पाणी मारल्यावर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी ते दगडातून घेतं. खरबरीत अंगावर आणि चुन्याच्या दर्जांमध्ये ओल थोडा वेळ टिकते, म्हणून गारवाही रेंगाळतो. हे हैदराबादेत साधतं, कारण तिथला एप्रिल-मे कोरडा असतो. मुंबईच्या दमट हवेत तेवढंच पाणी ओता, फरशी नुसती ओली राहील. सडा मारायचा, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग बाजा टाकायच्या: उन्हाळ्यातल्या अंगणाचं सारं शास्त्र जुन्या घरांतल्या बायकांच्या हातात होतं.

आता झिलईची टाईल भिंतीवरून उतरून गच्चीत आणि अंगणात आली आहे. व्हिट्रिफाइड टाईल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. बैठकीच्या खोलीत हा गुण, डाग पडत नाहीत. उघड्यावर गुळगुळीत टाईल घेतली, तर पाणी वाहून जातं आणि उरलेल्यावरून माणूस घसरतो. त्यात गडद राखाडी रंगाची आवड शिरली आहे. दुपारी दोन वाजता अशा गच्चीवर लहान मूल अनवाणी जाऊ शकत नाही, हे मला फॅशनच्या नावाखाली सोडून देता येत नाही. पांढऱ्या टाईल्सचे तुकडे बसवलेली चायना मोझॅकची गच्ची याहून कितीतरी शहाणपणाची; ती ऊन परतवते, खालची खोली निवते. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी थंड छपरांचं धोरण आणलं, त्याचं तत्त्वही हेच.

अंगणासाठी मी आजही तांदूरचीच सुचवेन, आणि तीही पिवळसर. निळसर लादी दिसते सुंदर, पण ऊन अधिक पिते. काळ्या कडप्प्याला तर उघड्यावर आणूच नये. पॉलिश करून घेऊ नका. ढाळ नीट द्या, नाहीतर पाणी साचून वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. या दगडाचा हा दोष खराच आहे. लाद्यांची जाडी कमी-जास्त असते, तेव्हा गवंड्याला खालचा थर जाड घ्यायला सांगा. आणि काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला तो ॲसिडची बाटली आणेल, तेव्हा त्याला तिथेच थांबवा. चुनखडीवर ॲसिड पडलं की फेस येतो. तो फेस म्हणजे तुमचीच फरशी विरघळत असते. साधं पाणी, काथ्याचा ब्रश आणि दोन दिवसांची मेहनत पुरते.