ॲलिस बोनर : वेरूळच्या शिल्पांतील भूमितीचा शोध घेणाऱ्या शिल्पकार

मूळच्या स्विस शिल्पकार, चित्रकार आणि भारतीय कलेच्या अभ्यासक ॲलिस बोनर यांचा जन्म २२ जुलै १८८९ रोजी इटलीतील लेन्यानो येथे झाला. ब्रुसेल्स, म्युनिक आणि बासेल येथे त्यांनी कलाशिक्षण घेतले. १९२६ मध्ये झुरिच येथे उदयशंकर यांचे नृत्य पाहिल्यानंतर भारत हा त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. १९३०च्या सुमारास दोघांनी मिळून भारतभ्रमण केले आणि नृत्यसंघ उभारला. या संघाचा पहिला प्रयोग १९३१ मध्ये पॅरिसला झाला.

१९३६ मध्ये बोनर वाराणसीत आल्या. पूर्वी अमृतराव पेशवे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घाटाच्या दक्षिणेस, गंगेच्या त्याच काठावर, अस्सी घाटावरील घरात त्या १९७८ पर्यंत राहिल्या. येथेच त्यांनी शिल्पकाम मागे ठेवले. चित्रकला आणि संशोधन यांना त्यांनी पुढील आयुष्य वाहिले.

या वळणामागे वेरूळच्या लेण्यांचा मोठा वाटा होता. तेथील मूर्तींचे हात, पाय आणि आयुधे विशिष्ट दिशांनाच का झेपावतात, हा प्रश्न त्यांना पडला. मध्यबिंदूभोवतीचे वर्तुळ आणि त्याला समान भागांत विभागणारे व्यास यांवर संपूर्ण शिल्पपट बेतलेला असतो, असे त्यांनी मांडले. वेरूळ, बदामी व महाबलीपुरम येथील शिल्पांच्या आधारे लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ओडिशाचे पंडित सदाशिव रथ शर्मा यांच्यासह त्यांनी ‘शिल्पप्रकाश’ हा मंदिरस्थापत्यावरील ग्रंथ १९६६ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रकाशित केला. कोणार्कच्या सूर्यमंदिरावरील संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी वापरलेल्या पोथ्यांच्या प्राचीनतेविषयी काही अभ्यासकांनी पुढे शंका उपस्थित केल्या. मात्र मूर्तीचे केवळ वर्णन न करता तिची घडण समजून घेण्याची त्यांची दृष्टी आजही चर्चेत आहे.

झुरिच विद्यापीठाने १९६९ मध्ये मानद डॉक्टरेट, तर भारत सरकारने १९७४ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १३ एप्रिल १९८१ रोजी झुरिच येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा कलासंग्रह झुरिचच्या रीटबर्ग संग्रहालयात आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या भारत कला भवनात त्यांच्या नावाचे दालन असून, त्यांची चित्रे तेथे पाहावयास मिळतात.