छतावरचा उघडा पाइप

मालेगावात घर आडवे वाढत नाही, उभे वाढते. मोसम नदीच्या पूर्वेकडच्या मोहल्ल्यांत खाली पॉवरलूम आणि वर कुटुंब अशी कितीतरी घरे आहेत. थोरल्याचा निकाह ठरला की एक स्लॅब पडतो, धाकट्याचा ठरला की दुसरा. प्रत्येक मजल्यावर एक खोली, एक ओटा आणि एक संडास-न्हाणी. आमचेही घर असेच टप्प्याटप्प्याने उभे राहिले.

दुसरा मजला झाला, त्याच पावसाळ्यात तळमजल्यावर वास सुरू झाला. वर कुणी फ्लश ओढला की खालच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि मागोमाग घाण वास. अम्मी रोज फिनाईल ओतायची, घासून घासून तिचे हात सोलले. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. घरातल्या साफसफाईबद्दल एखादी बाई हळूच काहीतरी बोलून जायची. ज्या घरात पाच वेळा वुजू होतो, तिथे पाकीवरून टोमणा ऐकणे अम्मीला किती लागले असेल! चूक तिची नव्हतीच. चूक पाइपाची होती, आणि त्या चुकीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे मालेगावात येऊ लागली. त्या काळच्या साध्या घरात मोरी म्हणजे कोपऱ्यातला फरशीचा चौकोन आणि भिंतीला एक भोक. पाणी थेट बाहेरच्या उघड्या गटारात. संडास घरापासून वेगळा, आणि तो साफ करायचे ओझे जातीच्या नावाखाली दुसऱ्या माणसांच्या डोक्यावर दिलेले. वास होता, पण घराबाहेर. बंद पाइपच नव्हता, त्यामुळे आजचा प्रश्नही नव्हता.

त्याच सुमारास लंडनमध्ये हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने उभा राहिला होता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्येच संडासाच्या वाकड्या नळीचे पेटंट घेतले होते. वाकणात थोडे पाणी साचून राहते आणि खालचा वायू वर येऊ देत नाही. हाच आपला ट्रॅप. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे काम अवघड झाले आणि शहराखाली मोठी गटारे बांधायचे ठरले. घरे गटाराला जोडली गेली, तसा गटाराचा वायू घरात शिरायची वाटही तयार झाली. 1871 मध्ये युवराज एडवर्डला टायफॉइड झाला, तेव्हा तो उतरला होता त्या बंगल्याच्या नाल्यांवर ठपका आला. टायफॉइड वासाने होत नाही, दूषित पाण्या-अन्नातून होतो, हे नंतर कळले. पण त्या धास्तीने घराघरातले ट्रॅप तपासले गेले आणि उभा पाइप छताच्या वर नेऊन उघडा ठेवायची रीत पक्की झाली.

हा उघडा पाइप कशासाठी? वरून एकदम सोडलेले पाणी उभ्या पाइपात बुचासारखे उतरते. पुढची हवा ढकलते, मागे पोकळी सोडते. ती पोकळी भरायला कुठूनतरी हवा लागतेच. छतावर तोंड उघडे असेल तर हवा तिथून येते. नसेल तर खालच्या ट्रॅपमधले पाणी ओढून घेते. संडासाच्या ट्रॅपमध्ये पाणी ते किती, जेमतेम पाच सेंटिमीटर. ते गेले की टाकी आणि घर यांच्यात काहीच उरत नाही.

पाण्याला हवेची वाट लागते, हे दख्खनला नवे नव्हते. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहरींनी पाणी आले. पाणचक्कीच्या नहरीवर जागोजाग उंच बांधीव स्तंभ आहेत. पाणी त्यांत वर चढते, अडकलेली हवा सुटते आणि पाणी पुढे जाते. ते पिण्याचे पाणी, हे सांडपाणी. कारण वेगळे, पण हवेला जागा द्यायची समज तीच. आणि आज इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द तर आपल्याच न्हाणीचा.

आमच्या घरी काय झाले होते? सेप्टिक टँकचा उघडा पाइप पहिल्या मजल्याच्या गच्चीपर्यंत होता. दुसरा मजला चढवताना तो नव्या खोलीच्या मधोमध येत होता. गवंड्याने तो कापला आणि तोंडावर सिमेंट थापले. अब्बांनीही मान डोलावली. चार माणसांना जागा झाली, हवेची जागा गेली.

भारतीय मानकाप्रमाणे सेप्टिक टँकचा हवेचा पाइप किमान 50 मिलिमीटर व्यासाचा हवा. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल तर तो घराच्या माथ्यापेक्षा सुमारे 2 मीटर उंच न्यावा आणि तोंडाला डास अडवणारी जाळी लावावी. आपल्या गल्ल्यांत 15 मीटर अंतर कुणाकडे आहे? म्हणजे मजला चढला की पाइपही चढलाच पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीसमोर संपता कामा नये.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. वास का येतो हे पाहायला माणसाला टाकीत उतरवू नये. तिथला वायू क्षणात जीव घेतो, आणि अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी बाहेरच्या भिंतीवरून नवा पाइप छताच्या वर नेला. न्हाणीतली गुडगुड थांबली. अम्मीने मात्र पुढे कितीतरी दिवस फिनाईलची बाटली दाराशीच ठेवली होती. कुणी आले की आधी तिकडे बघायची.

पुढचा स्लॅब टाकाल तेव्हा गवंड्याला एवढेच विचारा, हवेचा पाइप कुठून वर जाणार? आणि तळमजल्यावर वास आला तर घरातल्या बाईकडे बघण्याआधी छताकडे बघा.